परमवर पहिला जॉब: राष्ट्रीय महासंगणक वापरू पाहणाऱ्या नव्या संशोधकांसाठी

सोलापूर किंवा जळगावच्या विद्यापीठात रसायनशास्त्रात पीएच.डी. करणाऱ्या मुलीलाही देशातल्या एखाद्या आयआयटीत किंवा सी-डॅक या सरकारी संगणन संशोधन संस्थेत बसवलेल्या महासंगणकावर काम करण्यासाठी अर्ज करता येतो, हे अजून पुष्कळांना ठाऊक नसतं. ‘ते मोठ्या संस्थांचं काम’ असं धरून चालून लोक प्रयोगशाळेतल्या जुन्या वर्कस्टेशनवर एकेक सिम्युलेशन आठवडेच्या आठवडे चालवत बसतात. ही यंत्रं सरकारी पैशातून, संशोधकांनी सामायिक वापरावीत म्हणूनच उभी केली आहेत. अडचण बहुतेकदा सुरुवातीच्या चार पायऱ्यांची असते आणि त्या कुणी नीट सांगत नाही. म्हणून हा लेख. (यंत्राकडे करायला सोपवलेल्या एकेका गणिताला ‘जॉब’ म्हणतात.)

थोडी पार्श्वभूमी. १९८८ साली पुण्यात सी-डॅक सुरू झालं आणि १९९१ साली विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार झाला. तेव्हापासून ‘परम’ हे नाव टिकून आहे. २०१५ साली केंद्र सरकारने ४,५०० कोटी रुपयांचं राष्ट्रीय महासंगणन अभियान मंजूर केलं. सी-डॅक आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था ते राबवतात. त्यातला पहिला ‘परम शिवाय’ फेब्रुवारी २०१९ मध्ये वाराणसीच्या आयआयटी-बीएचयूमध्ये सुरू झाला. पुढे पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत परम ब्रह्म, खरगपूरला परम शक्ती, कानपूरला परम संगणक, रुरकीला परम गंगा, बंगळुरूच्या विज्ञान संस्थेत ३.३ पेटाफ्लॉपचा परम प्रवेग अशी यंत्रं उभी राहिली. एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला एकावर पंधरा शून्यं इतक्या आकडेमोडी. सप्टेंबर २०२४ मध्ये पुणे, दिल्ली आणि कोलकाता इथे तीन ‘परम रुद्र’ आले. त्यांतला पुण्याचा जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या कामासाठी आहे.

आधी हे बघा: तुमच्या कामाला तो लागतो का?

महासंगणकावर टाकला की कुठलाही प्रोग्राम आपोआप वेगाने धावतो, ही समजूत आधी बाजूला ठेवा. परम ब्रह्मचा एक साधा नोड, म्हणजे ज्यांच्या जोडणीतून महासंगणक बनतो त्यांतला एक संगणक, घ्या. त्यात इंटेलचे दोन झिऑन प्लॅटिनम ८२६८ प्रोसेसर, प्रत्येकी २४ म्हणजे एकूण ४८ कोअर (स्वतंत्रपणे गणित करणारे भाग), आणि १९२ जीबी मेमरी. प्रोसेसरचा मूळ वेग २.९ गिगाहर्ट्‌झ. तुमचा प्रोग्राम एकाच कोअरवर चालणारा असेल, तर तो तुमच्या नव्या लॅपटॉपवर कदाचित जास्त लवकर संपेल. वर नोडमधले ४७ कोअर रिकामे बसतील ते वेगळंच.

मग फायदा कुणाला? ज्यांचा प्रोग्राम समांतर चालायला लिहिलेला आहे त्यांना. ग्रोमॅक्स, लॅम्प्स, क्वांटम एस्प्रेसो, ओपनफोम, हवामानाचं डब्ल्यूआरएफ ही सगळी अशी सॉफ्टवेअर आहेत. ज्यांना एकच छोटं गणित वेगवेगळ्या आकड्यांनी शेकडो वेळा चालवायचं आहे त्यांनाही, कारण ते सगळे एकाच वेळी सोडता येतात. जीनोम जुळवणीसारख्या कामाला मेमरीच प्रचंड लागते. त्यासाठी बहुतेक यंत्रांवर जास्त मेमरीचे वेगळे नोड ठेवलेले असतात. आणि ज्यांचं काम जीपीयूवर, म्हणजे एकसारखी पुष्कळ गणितं एकदम करणाऱ्या ग्राफिक्स प्रोसेसरवर होतं, ते तर आहेतच.

तुमचं गणित लॅपटॉपवर एका रात्रीत उरकत असेल तर महासंगणकाच्या वाटेला जाऊ नका. अर्ज, रांग, फाइली नेणं-आणणं यातच रात्रीपेक्षा जास्त वेळ जाईल.

कुठल्या यंत्रावर अर्ज करायचा

आपल्या संस्थेत यंत्र असेल तर प्रश्नच नाही, तिथूनच सुरुवात. नसेल तर आधी गाइडना विचारा की त्यांच्या ओळखीचा, त्याच विषयातला कुणी सहकारी एखाद्या यजमान संस्थेत, म्हणजे जिथे यंत्र बसवलंय तिथे, आहे का. एकत्र प्रकल्प असेल तर मार्ग सोपा होतो. तसं कुणी नसेल तर यजमान संस्थेच्या संगणन केंद्राकडे किंवा थेट सी-डॅककडे बाहेरचा वापरकर्ता म्हणून अर्ज करायचा. प्रत्येक ठिकाणचे नियम वेगळे असतात. कुठे बाहेरच्यांना शुल्क असतं, कुठे नसतं. कुठे खातं सहा महिन्यांनी नवं करून घ्यावं लागतं, कुठे वर्षाने. अर्ज भरायच्या आधी एक साधा मेल टाकून हे विचारून घ्या.

यंत्र निवडताना पेटाफ्लॉपच्या आकड्याला भुलू नका. तुम्हाला लागणार दोन ते चार नोड. तेवढे सगळीकडे आहेत. बघायचं ते हे: तुमचं सॉफ्टवेअर तिथे आधीच बसवलेलं आहे का, रांग साधारण किती लांब असते, आणि मदतीला कुणी तुमच्या विषयातलं आहे का. ८३८ टेराफ्लॉपच्या (हजार टेराफ्लॉप म्हणजे एक पेटाफ्लॉप) यंत्रावर दोन तासांत नंबर लागत असेल, तर तिप्पट मोठ्या यंत्रावर चार दिवस वाट बघण्यात काय अर्थ?

हवामानाचे महासंगणक या यादीत धरू नका. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेतला ‘अर्क’ किंवा नोएडाचा ‘अरुणिका’ ही यंत्रं हवामान आणि पर्जन्य अंदाजाच्या कामासाठी राखलेली आहेत. आणि तुमचं काम निव्वळ कृत्रिम बुद्धिमत्तेचं, जीपीयूवरच्या मोठ्या प्रशिक्षणाचं असेल, तर सी-डॅकच्या परम सिद्धी-एआयचा आणि २०२४ साली मंजूर झालेल्या इंडियाएआय मिशनमधून सवलतीत मिळणाऱ्या जीपीयूंचाही विचार करा.

अर्ज भरताना

अर्जात साधारणपणे प्रकल्पाचं नाव, एका पानाचा गोषवारा, लागणारं सॉफ्टवेअर, साठवणुकीची गरज आणि लागणारे कोअर-तास विचारतात. सही गाइडची. मेलचा पत्ता संस्थेचा द्या. खासगी पत्त्यावरून आलेला अर्ज बऱ्याच ठिकाणी बाजूलाच पडतो.

अडतात लोक कोअर-तासांपाशी. हिशेब सोपा आहे. समजा, तुमचं एक सिम्युलेशन ४८ कोअरवर १० तास चालतं. म्हणजे ४८० कोअर-तास. अशी ४० करायची आहेत, म्हणजे १९,२००. चाचण्या, फसलेले जॉब, परीक्षकांनी मागितलेली जादा गणितं यांसाठी पाव हिस्सा वर धरा. झाले २४,०००. हा हिशेब अर्जात असाच, पायरी-पायरीने लिहा. ‘अंदाजे १० लाख कोअर-तास’ असा गोल आकडा वाचला की समितीला लगेच कळतं की या माणसाने मोजलेलं नाही. मोजून मागितलेले २४,००० सहज मंजूर होतात, आणि पुढच्या वर्षी वाढवून मागताना हाच कागद कामी येतो.

पण एक सिम्युलेशन किती वेळ घेतं हे कळायला आधी यंत्र तर हवं! त्यासाठी वर्कस्टेशनवर छोटा नमुना चालवा, दहा हजार टप्प्यांऐवजी शंभर, आणि त्यावरून काढा. काही केंद्रं अशा चाचणीसाठी थोड्या मुदतीचं खातंही देतात. विचारायला लाजू नका.

परवान्याची बाब आत्ताच मिटवून टाका. व्हॅस्पसारखं विकतचं सॉफ्टवेअर यंत्रावर बसवलेलं दिसलं तरी ते वापरायला तुमच्या गटाचा स्वतःचा परवाना लागतो. परवान्याचं पत्र दाखवल्याशिवाय केंद्र ते उघडून देत नाही, आणि ते बरोबरच आहे. परवाना नसेल तर क्वांटम एस्प्रेसो शिका. ते खुलं आहे आणि बहुतेक कामांना पुरतं.

पहिलं लॉगिन

खातं मंजूर झालं की मेल येतो. त्यात वापरकर्त्याचं नाव, यंत्राचा पत्ता आणि बहुतेकदा पोर्ट क्रमांक असतो. हा पोर्ट नेहमीचा २२ नसून वेगळा असतो. ‘कनेक्शन नाकारलं’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्या नवख्यांपैकी पुष्कळांनी तो टाकलेलाच नसतो. मेल शेवटपर्यंत वाचा. काही ठिकाणी संस्थेच्या नेटवर्कमधूनच किंवा व्हीपीएनमधूनच आत जाता येतं, तेही त्यातच लिहिलेलं असतं.

लिनक्स किंवा मॅक असेल तर टर्मिनल उघडून एसएसएच, म्हणजे दूरच्या यंत्रात सुरक्षितपणे शिरायची आज्ञा. विंडोज १० आणि ११ मध्ये पॉवरशेलमधूनही एसएसएच चालतं. पुट्टी किंवा मोबाएक्सटर्म वापरलं तरी हरकत नाही. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत. कीबोर्ड बिघडलेला नाही, टाइप करत राहा आणि एंटर दाबा.

आत गेलात की तुम्ही लॉगिन नोडवर असता, आणि त्याच वेळी आणखी पन्नासेक जण तिथेच असतात. इथे फाइल संपादित करा, जॉब पाठवा, छोटासा प्रोग्राम कंपाइल करा. गणित मात्र इथे चालवायचं नाही. कुणी तसं केलं की सगळ्यांचा पडदा अडखळायला लागतो, आणि अ‍ॅडमिनला तो प्रोग्राम बंद करावाच लागतो. वारंवार झालं तर खातं गोठवतात.

पासवर्ड मित्राला देऊ नका, लॅबमध्ये फळ्यावर लिहू नका. नवीन ज्युनिअर आला तर त्याचं वेगळं खातं काढा. एकाच खात्यावर चार जण काम करायला लागले की कुणी कुणाची फाइल पुसली याचा पत्ता लागत नाही, आणि गैरवापर झाला तर जबाबदारी ज्याच्या नावावर खातं आहे त्याचीच.

फाइली कुठे ठेवायच्या

दोन जागा मिळतात. ‘होम’ लहान असतं. तिथे स्क्रिप्ट, स्वतःचा कोड, महत्त्वाच्या छोट्या फाइली. ‘स्क्रॅच’ मोठं आणि वेगवान असतं. जॉब तिथून चालवायचे. पण स्क्रॅचवरच्या जुन्या फाइली ठरावीक दिवसांनी पुसल्या जातात आणि त्यांचा बॅकअप नसतो. मुदत किती ते केंद्राच्या माहितीपुस्तिकेत पाहा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करून ठेवा. तीन महिन्यांची गणितं अशी गेलेली माणसं असतात, आणि ती परत आणणं कुणाच्याच हातात नसतं.

या यंत्रांवर बहुधा लस्टर नावाची फाइल प्रणाली असते. तिला मोठ्या फाइली आवडतात, बारीक बारीक फाइलींचा ढीग सोसवत नाही. एक लाख फाइली, प्रत्येकी चार केबीच्या, असं काम असेल तर त्या एका टार फाइलीत बांधून ठेवा, नाहीतर तुमचाही जॉब रेंगाळेल आणि शेजाऱ्याचाही.

फाइली नेण्या-आणण्यासाठी ‘आरसिंक’ वापरायची सवय लावून घ्या. मध्येच लाइट गेली किंवा नेट तुटलं तरी पुन्हा चालू केल्यावर पोचलेल्या फाइली सोडून ते पुढच्या पाठवतं. गावाकडून काम करणाऱ्यांना याचं मोल सांगायला नको. लाइट गेली म्हणून रांगेत टाकलेला जॉब मात्र थांबत नाही; तो तिकडे, यंत्रावर चालू असतो. लॅपटॉप बंद करून खुशाल झोपा.

सॉफ्टवेअर: आधी तयार असलेलं वापरा

पहिल्याच दिवशी इंटरनेटवरून उतरवून कंपाइल करायला बसू नका. ‘मॉड्यूल अव्हेल’ ही आज्ञा दिली की यंत्रावर काय काय बसवलेलं आहे याची यादी येते. ‘मॉड्यूल लोड’ने हवं ते उघडायचं, ‘मॉड्यूल लिस्ट’ने काय उघडं आहे ते बघायचं, ‘मॉड्यूल पर्ज’ने सगळं बंद करायचं. केंद्राने बसवलेली आवृत्ती त्या प्रोसेसरसाठी आणि तिथले नोड जोडणाऱ्या इन्फिनिबँड जाळ्यासाठी जुळवलेली असते. घरून आणलेली बायनरी (आधीच कंपाइल केलेला प्रोग्राम) चालेलही, पण बऱ्याचदा निम्म्या वेगाने.

मॉड्यूल उघडायच्या ओळी स्क्रिप्टच्या आतच लिहा, आवृत्तीच्या क्रमांकासकट. आवृत्ती न लिहिता मॉड्यूल उघडलं की त्या दिवशी जी मूळ आवृत्ती असेल ती येते. सहा महिन्यांनी अ‍ॅडमिन नवी बसवतो आणि तुमचे जुने-नवे निकाल जुळेनासे होतात.

जॉब स्क्रिप्ट, ओळ न् ओळ

रांग सांभाळणाऱ्या प्रणालीचं नाव स्लर्म. तिच्या आज्ञा ‘एस’ने सुरू होतात: जॉब पाठवायला एस-बॅच, रांग बघायला एस-क्यू, नोडांची स्थिती बघायला एस-इन्फो, जॉब रद्द करायला एस-कॅन्सल, झालेल्या जॉबचा हिशेब बघायला एस-अ‍ॅक्ट. मधली आडवी रेघ इथे वाचायला सोपं जावं म्हणून आहे. टाइप करताना सलग, लहान रोमन अक्षरांत.

स्क्रिप्ट ही साधी मजकुराची फाइल. पहिल्या ओळीत बॅशचा, म्हणजे आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रामचा पत्ता. त्यानंतरच्या ओळी # या चिन्हाने सुरू होतात आणि त्याला चिकटूनच मोठ्या अक्षरांत ‘एसबॅच’ लिहिलेलं असतं. या ओळींत तुमच्या मागण्या असतात. जॉबचं नाव. रांगेचं नाव, ज्याला पार्टिशन म्हणतात. साधे, जास्त मेमरीचे आणि जीपीयूचे नोड वेगवेगळ्या पार्टिशनमध्ये असतात, त्यांची नावं एस-इन्फो सांगतं. नोड किती. एका नोडवर प्रक्रिया किती. वेळ किती, तास-मिनिटं-सेकंद अशा रूपात. आणि निकालाची फाइल कुठे. तिच्या नावात जॉब क्रमांक येईल असं करा, म्हणजे जुनी फाइल पुसली जात नाही.

या मागण्या संपल्या की मॉड्यूलच्या ओळी, आणि शेवटी प्रोग्राम चालवायची आज्ञा. हा क्रम मोडू नका. स्लर्म वरून खाली वाचतं आणि पहिली खरी आज्ञा दिसली की मागण्या वाचणं थांबवतं. ‘वेळ २० तास’ ही ओळ मॉड्यूलच्या ओळीखाली गेली, तर स्लर्म ती चूक म्हणून दाखवत नाही, गुपचूप सोडून देतं. मग मूळ ठरलेली एक-दोन तासांची मुदत लागू होते आणि जॉब मध्येच मारला जातो.

दुसरी एक ओळ नवखे हमखास गाळतात. ४८ कोअरच्या नोडवर तुम्ही ४८ प्रक्रिया मागितल्या आणि ओपनएमपीच्या धाग्यांची (एकाच प्रक्रियेत समांतर चालणाऱ्या कामांची) संख्या १ आहे असं सांगितलं नाही, तर प्रत्येक प्रक्रिया स्वतःचे ४८ धागे काढू शकते. ४८ गुणिले ४८, म्हणजे २,३०४ धागे ४८ कोअरवर झुंजायला लागतात. जॉब चालू दिसतो, चूक कुठेच येत नाही, फक्त गणित पुढे सरकत नाही. पायथनमध्ये नमपाय वापरणाऱ्यांनाही हेच भोवतं. त्यामुळे धाग्यांची संख्या स्क्रिप्टमध्ये स्पष्ट लिहा.

विंडोजच्या नोटपॅडमध्ये लिहिलेली स्क्रिप्ट पाठवली की एस-बॅच ‘डॉस लाइन ब्रेक्स’ आहेत अशी तक्रार करून ती परत पाठवू शकतं. ‘डॉस-टू-युनिक्स’ (टाइप करताना dos2unix) ही आज्ञा त्या फाइलीवर चालवा, काम झालं. पुढच्या वेळेपासून यंत्रावरच, नॅनो किंवा व्हीआयमध्ये लिहा.

पहिला जॉब एक नोड आणि दहा मिनिटांचा टाका. मॉड्यूल उघडतायत का, फाइली सापडतायत का, निकाल योग्य जागी येतोय का, एवढंच बघायला. सरळ ४८ तासांचा जॉब टाकून, दोन दिवस रांगेत थांबून, तिसऱ्या सेकंदाला फाइलीच्या नावातल्या चुकीने तो पडलेला बघणं फार जिवावर येतं.

रांग पुढे का सरकत नाही

एस-क्यूमध्ये तुमच्या जॉबसमोर ‘पीडी’ दिसतं, म्हणजे तो थांबलेला आहे. शेवटच्या रकान्यात कारण असतं. ‘रिसोर्सेस’ म्हणजे नोड मोकळे नाहीत. ‘प्रायॉरिटी’ म्हणजे तुमच्या आधी कुणी आहे. ‘क्यूओएस’ असं काही दिसलं तर एका वेळी जितकं मागता येतं त्यापेक्षा तुम्ही जास्त मागितलं आहे.

‘माझ्या नंतर आलेल्याचा जॉब आधी सुरू झाला’ ही तक्रार दर आठवड्याला येते. याची दोन कारणं. पहिलं, बहुतेक केंद्रांवर वाटप आधी येईल त्याला आधी अशा पद्धतीने होत नाही. गेल्या काही दिवसांत ज्याने भरपूर वापरलं त्याचा नंबर मागे जातो, ज्याने कमी वापरलं त्याचा पुढे. तुम्ही दोन दिवस थांबलात की तुमचाही पुढे येतो.

दुसरं कारण तुमच्या हातातलं आहे. समजा, एका मोठ्या जॉबला २० नोड हवेत आणि ते सगळे मोकळे व्हायला अजून सहा तास आहेत. त्यातले सात आत्ताच रिकामे झालेत. स्लर्म बघतं की रांगेत असा कुणी आहे का, जो सात किंवा कमी नोडांवर सहा तासांच्या आत संपेल. असेल तर त्याला मध्ये घेतं. मंगल कार्यालयात संध्याकाळच्या लग्नाआधी सकाळी मुंज उरकून घेतात, तसंच हे. पण त्यासाठी तुमच्या स्क्रिप्टमधली मुदत खरी हवी. पाच तासांच्या कामाला ‘असू देत’ म्हणून ७२ तास लिहिले की तुम्ही या मोकळ्या जागेत बसतच नाही. एस-अ‍ॅक्टमधून मागच्या जॉबला लागलेला वेळ बघा, त्यावर वीस-पंचवीस टक्के वाढवा आणि तेवढेच मागा. नंबर लवकर लावायची हीच एक प्रामाणिक युक्ती आहे, आणि ती खरोखर चालते.

किती कोअर मागायचे

जास्त कोअर म्हणजे जास्त वेग, हे एका मर्यादेपर्यंतच खरं. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ साली मांडलेला नियम सांगतो की प्रोग्रामचा जो भाग समांतर करता येत नाही, तोच शेवटी वेग अडवतो. तो भाग फक्त ५ टक्के असला तरी कितीही कोअर लावा, वेग २० पटीच्या वर जात नाही. ४८ कोअरवर जेमतेम १४ पट मिळतो, ९६ वर सुमारे १७.

म्हणून आपल्या गणिताची चाचणी घ्या. तेच गणित, थोडे टप्पे ठेवून, २४, ४८, ९६, १९२ कोअरवर चालवा आणि वेळ लिहून काढा. समजा, पूर्ण गणिताला ४८ वर १० तास लागतात, ९६ वर साडेपाच, १९२ वर चार. कोअर-तास झाले ४८०, ५२८ आणि ७६८. ९६ घेणं परवडतं: जवळजवळ निम्मा वेळ, खर्च जरासा जास्त. १९२ घेणं परवडत नाही: दीड तास वाचवायला २४० कोअर-तास जास्त जातात, आणि चार नोड एकदम मोकळे होण्याची वाट बघावी लागते ती वेगळी. अशी ४० गणितं असतील तर ४८ वरच ठेवा आणि एकाच वेळी जास्त जॉब सोडा. ही चाचणी करायला एक दुपार पुरते, आणि तिचा तक्ता पुढच्या अर्जाला जोडला की वाटप समितीला आणखी काही पटवावं लागत नाही.

जॉब पडला तर

आधी निकालाची आणि त्रुटीची फाइल शेवटून वाचा. ‘टाइम लिमिट’ दिसलं तर मुदत संपली. ‘ओओएम’ किंवा ‘आउट ऑफ मेमरी’ दिसलं तर मेमरी कमी पडली. नोड वाढवा किंवा एका नोडवरच्या प्रक्रिया निम्म्या करा, म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला दुप्पट मेमरी येते. ‘डिस्क कोटा’ दिसलं तर होम भरलं आहे, जुनं काढा. यातलं काहीच नसेल आणि कालपर्यंत नीट चालणारा जॉब आज पडत असेल, तर कुठल्या नोडवर पडला ते एस-अ‍ॅक्टमधून बघा. दोन-तीनदा त्याच नोडवर पडत असेल तर नोडमध्येच बिघाड असू शकतो; हे कळवलंत तर सगळ्यांचंच भलं होतं.

लांब गणितांना टप्प्याटप्प्याने स्थिती साठवायला सांगा. ग्रोमॅक्स आणि लॅम्प्स दोन्हींमध्ये तशी सोय आहे. देखभालीसाठी यंत्र बंद होतं, कधी वातानुकूलन बिघडतं. तेव्हा शेवटच्या टप्प्यापासून पुढे सुरू करता आलं पाहिजे.

मदत कशी मागायची

या यंत्रांमागे माणसं आहेत: यंत्र चालतं ठेवणारे अ‍ॅडमिन, आणि तुमचं सॉफ्टवेअर जुळवून देणारे, कोड वेगवान करायला मदत करणारे जाणकार. परम यंत्रांच्या ठिकाणी सी-डॅकचे लोकही हे काम करतात. माझ्या मते या सेवेचं मोल प्रोसेसरांहून जास्त आहे, आणि नवखे तीच सर्वांत कमी वापरतात.

मदत लवकर मिळणं बरंचसं तुमच्या मेलवर अवलंबून असतं. ‘सर, माझा जॉब रन होत नाही, प्लीज अर्जंट’ आणि सोबत मोबाइलवर काढलेला पडद्याचा तिरका फोटो, असा मेल आला की समोरच्याला आधी चार प्रश्न विचारावे लागतात आणि दोन दिवस त्यातच जातात. त्याऐवजी असं लिहा:

‘जॉब क्रमांक ४८२१७. साध्या पार्टिशनवर २ नोड, ९६ प्रक्रिया, ग्रोमॅक्स. सुरू झाल्यावर चार मिनिटांनी पडतो. हीच फाइल १ नोडवर नीट चालते. मागच्या सोमवारपर्यंत २ नोडवरही चालत होती. उघडलेल्या मॉड्यूलची यादी आणि त्रुटीचा पूर्ण मजकूर खाली दिला आहे. स्क्रिप्ट स्क्रॅचमधल्या चाचणी फोल्डरमध्ये आहे, ती वाचायची परवानगी दिली आहे.’

असा मेल वाचणाऱ्याला कुठे बघायचं ते लगेच कळतं. एका मेलमध्ये एकच अडचण लिहा. तक्रार नोंदवायची प्रणाली असेल तर तिथेच नोंदवा, ओळखीच्या अ‍ॅडमिनला व्हॉट्सअ‍ॅप करू नका. तो रजेवर असला की तुमचा प्रश्न कुणापर्यंतच पोचत नाही. आणि अडचण सुटली की ‘सुटली’ एवढं तरी कळवा.

शिकायचं कुठे

अभियानातून प्रशिक्षणासाठी चार केंद्रं ठरवली आहेत: आयआयटी खरगपूर, मद्रास, गोवा आणि पलक्कड. गोवा आपल्याला जवळचं. त्यांच्या कार्यशाळांवर लक्ष ठेवा. सी-डॅकचेही अभ्यासक्रम आणि छोटी प्रशिक्षणं असतात. जाण्याआधी लिनक्सच्या वीसेक आज्ञा आणि थोडं बॅश हाताखालून गेलेलं असू द्या, म्हणजे कार्यशाळेचा पहिला दिवस फोल्डर उघडण्या-मिटण्यात जात नाही.

पेपर छापून आला की

आभाराच्या परिच्छेदात राष्ट्रीय महासंगणन अभियानाचं, वापरलेल्या यंत्राचं आणि यजमान संस्थेचं नाव आलंच पाहिजे. केंद्र ठरावीक मजकूर देतं, तो शब्दशः घ्या. मग छापील पेपरचा दुवा केंद्राला पाठवा. नवी यंत्रं आणि जुन्यांची देखभाल यासाठी निधी मागताना केंद्राला हीच यादी दाखवावी लागते.

पीएच.डी. संपत आली की खातं बंद होण्याच्या किमान महिनाभर आधी आवश्यक फाइली स्वतःच्या डिस्कवर उतरवून घ्या, उरलेल्या पुसा, आणि चालणाऱ्या स्क्रिप्ट एका छोट्या टिपणासह लॅबमधल्या ज्युनिअरच्या हवाली करा. त्याचं स्वतःचं खातं उघडायचा अर्ज त्याच दिवशी भरून घ्या.